सातवी शर्यत

पिन टोकाशी गंजलेली, नंबराच्या कापडात शिरता शिरत नव्हती... एक्केचाळीस. हा नंबर लावणारा आलाच नव्हता, तरी सीत्स्के तो नीट करत बसली होती. नावं एक्केचाळीस जणांनी नोंदवली, आले तेवीस. बाकीचे तिच्या जुन्या भागीदाराकडे, रिंककडे, दक्षिणेतल्या उबदार समुद्रावर, त्याच्या नव्या शर्यतीला. बारा वर्षांपूर्वी दोघांनी मिळूनच ही मालिका उभी केली होती – बोर्डावर उभं राहून वल्हवायच्या शर्यती, सहा देश, सात ठिकाणं, आणि सातवी, निकालाची, नेहमी इथे, नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतात, तिच्या गावच्या तळ्यावर. आजची झाली नाही तर नियमाप्रमाणे यंदा विजेता नाही. आणि विजेता नसलेल्या मालिकेला पुढच्या वर्षी कोण येणार?

बंदर सांभाळणारा म्हातारा औके तंबूत डोकावला.

"पोरी, बाहेर तळं नुसतं उकळतंय."

"दुपारी वारा पडेल म्हणतात."

"म्हणणाऱ्यांचं काय जातंय, ते घरात बसलेत. कॉफी घे आधी. हात बघ कसे थरथरतायत."

हात... दोन वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या खाडीत हेच हात अगदी स्थिर होते. असाच वारा. रिंक म्हणाला होता, थांबव. दोनदा म्हणाला. आणि तिने – मी, दुसऱ्या कोणी नाही – शर्यत सुरू करायचा भोंगा वाजवला, कारण कॅमेरे लागले होते, किनाऱ्यावर माणसं जमली होती, आणि नाही म्हणायचा तिला कंटाळा आला होता. हो, इतकंच, कंटाळा. लीसू, एस्टोनियाची, एकोणीस वर्षांची. घोट्याला बोर्ड बांधून ठेवणारा दोर तुटला, बोर्ड वाऱ्याने नेला, आणि ती सापडली चाळीस मिनिटांनी. वाचली. वाचली असं सगळे म्हणतात. तिच्या आईने नंतर लिहिलं होतं – पाण्याजवळ जात नाही, अंघोळ करतानाही दार उघडं ठेवते... चौकशीच्या कागदावर रिंकने 'दोघांचा निर्णय' असं लिहून सही केली आणि त्या हंगामानंतर निघून गेला. तो स्वतःचं नाव करायला गेला, असं सीत्स्के लोकांना सांगत आली, इतक्या वेळा की कधी कधी तिलाही ते खरं वाटायचं.

दहा वाजता तिने सगळ्यांना जमवून शर्यत रद्द केली. कोणी वाद घातला नाही. एक जर्मन बाई तर जवळ येऊन म्हणाली, "बरं केलंस गं. तू नेहमीच आमची काळजी घेतेस."

नेहमीच.

एक वाजता वारा पडला. पडला तो असा की तळं निपचित झालं, बदकं मधोमध जाऊन बसली. सीत्स्के गुडघाभर पाण्यात उभी राहून शर्यतीच्या खुणेचे तरंगते बोये दोराने ओढत होती. आजच्या न वाजलेल्या भोंग्याने त्या दिवशीचा भोंगा पुसला जाईल असं आपल्याला सकाळी कुठेतरी वाटलं होतं की काय... वेडीच मी.

"बघ! डोळे उघडून बघ!" काठावर गेर्गो उभा होता, हंगेरीचा, यंदा गुणांमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला. "ह्यात माझी आजी पलीकडे जाऊन येईल, मोजेसुद्धा न भिजवता! दीड दिवस गाडी हाकत आलो. बारा वर्षं हरतोय तुझ्या शर्यतीत, एकदाच पुढे होतो – आणि तू शेपूट घातलीस! तुझ्या मनात येईल तसं तू माणसांचं वाटोळं करतेस, कळतंय का तुला?"

ती दोर हातात धरून उभी राहिली. दोन वर्षांत या आवाजात तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं. सगळे हळू बोलत, दार लोटून घेत, समजुतीने. हा रागावला होता भलत्याच दिवसासाठी, पण शब्द तेच होते, आणि ते नेमके जाऊन बसत होते, जिथे बसायला हवे होते तिथे... अजून बोल, ती मनात म्हणत होती, थांबू नकोस, अजून थोडं – त्या खाडीपर्यंत ये.

गेर्गोचा चेहरा उतरला. बुटांसकट पाण्यात शिरून त्याने दोराचं दुसरं टोक धरलं.

"माफ कर. जास्तच बोललो मी. तू भली बाई आहेस."

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

लीसूचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं. तो वाट बघत होता, ओल्या पायांनी, भाबड्या चेहऱ्याने. आणि सांगितलं तर हाही आपल्याला समजून घेईल, याची तिला भीती वाटली.