करमत नाही का मतलब

सरलाबाईंच्या मराठी वर्गाला चार महिने पूर्ण झाले तेव्हा विद्यार्थ्यांची संख्या शून्य होती, आणि पहिल्या दिवसापासून ती एकदाही ढळली नव्हती.

वर्ग काढण्याचं कारण त्या लोकांना एक सांगत आणि मनात दुसरंच असे. सांगायचं कारण असं, की झाशीतल्या मराठी घरांतली पोरं मराठी विसरत चालली आहेत, कुणीतरी शिकवायला नको का? खरं कारण असं, की तीन वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हापासून दिवसभरात मराठीत एक वाक्य बोलायला सरलाबाईंना माणूस उरलं नव्हतं. यजमान रेल्वेत गार्ड. लग्न होऊन त्या भुसावळहून झाशीला आल्या त्याला अडतीस वर्षं झाली. तेव्हा रेल्वे कॉलनीत दारोदार मराठी कानावर पडे. मग एकेक कुटुंब रिटायर होऊन भुसावळ, अकोला, नागपूर असं आपापल्या मुलखाला परतलं. यांनी झाशीतच, सिपरी भागात घर बांधलेलं, म्हणून या राहिल्या. मुलगा सुमेध हैदराबादला. सून पंजाबी. नातीला मराठीतला 'आजी' एवढा एकच शब्द येतो. त्यामुळे फोन हिंदीत, भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या तिवारीणबाईंशी हिंदी. मराठी उरली ती देवाशी बोलायला, आणि देव काही उलट बोलत नाही.

वेबसाइट करून दिली होती दिशाने. ही मागच्या गल्लीतली पोरगी, चोवीस वर्षांची. तिचं घराणं पेशव्यांच्या फौजेबरोबर इथे आलेलं. पण दिशा मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. हॉटेलवाले, जवळच्या 'मोठ' नावाच्या गावचे आडते, मऊरानीपुरचे कापडवाले यांच्या वेबसाइटी गुगलवर लोकांना सापडतील अशा करून देणं हा तिचा धंदा. सरलाबाईंचं काम तिने थालीपिठांवर घेतलं होतं.

"तुझ्या त्या गुगलला कळव," सरलाबाई तव्यावरचं थालीपीठ उलटत म्हणाल्या, "म्हणावं, बाई अजून जिवंत आहे."

दिशाने लॅपटॉप उघडला. पानाचा मथळा सरलाबाईंनी स्वतः रचलेला होता: 'आपली मायमराठी जपू या! सरलाताईंचा वर्ग, झाशी'. खाली गुगलवर दिसणाऱ्या दोन ओळी: 'मातृभाषेचा गोडवा पुढच्या पिढीपर्यंत पोचवण्याचा एक नम्र प्रयत्न.' त्या ओळींवर त्यांनी तीन दिवस घालवले होते.

"काकू, ये टाइटल किसके लिए है?"

"ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी."

"तो जिनको मराठी नहीं आती, वो ये पढ़ेंगे कैसे?"

सरलाबाईंचं उलथनं हवेतच राहिलं. चार महिन्यांत ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच वाचून यायचं आमंत्रण! एवढ्या शहाण्या बाईने असं करावं म्हणजे कमाल झाली.

"और 'झाशी' भी कोई नहीं लिखता यहाँ. सब 'झाँसी' लिखते हैं," दिशाने आणखी एक ठेवून दिली. मग जरा समजावणीच्या सुरात म्हणाली, "टाइटल में वो नहीं लिखते जो हमें बोलना है. वो लिखते हैं जो सामनेवाला ढूँढ़ रहा है."

मग तिने एक यादी उघडली. लोकांनी गुगलवर काय काय टाकलं असता हे पान निदान पाचव्या-सहाव्या पानावर तरी दिसलं, त्याची ती यादी. फारच तोकडी. त्यात इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, 'करमत नाही मतलब', आणि तिच्यापुढे अकराचा आकडा. परगावी करमत नसलेल्या मराठी माणसांविषयी सरलाबाईंनी पानावर खाली कुठेतरी दोन वाक्यं लिहिली होती, म्हणून गुगलने ते पान मागून का होईना दाखवलं होतं.

"अकरा वेळा? कोण गं हे?"

"ये नहीं पता चलता काकू. ग्यारह अलग लोग भी हो सकते हैं."

पण सरलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की हे एकच माणूस आहे. अकरा वेळा विचारतंय आणि कुणी सांगत नाही. आणि सांगणारी इथे चार महिने रिकामी बसली आहे.

मथळा बदलला. 'करमत नाही का मतलब क्या है? मराठी सीखें, झाँसी में'. खालच्या दोन ओळी मात्र त्यांनी दिशाला लिहू दिल्या नाहीत. दीडशे अक्षरांच्या आत बसवायचं, एवढंच विचारून घेतलं आणि वही काढली. आधी लिहिलं, 'मन नहीं लगता.' अर्थ बरोबर होता, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. बराच वेळ खोडाखोड करून शेवटी वही पुढे सरकवली:

'करमत नाही यानी मन नहीं लगता. घर अपना है, खाना-पीना ठीक है, पर दिन नहीं कटता. जिसने कहा, उसके पास थोड़ा बैठिए. और कुछ पूछना हो तो फ़ोन कीजिए.'

दिशाने ओठ हलवत अक्षरं मोजली. "बैठ जाएगा," म्हणाली, आणि ओळी पानावर चढवून दुसरं थालीपीठ मागितलं. त्या ओळी कुणाविषयी आहेत, हे तिने विचारलं नाही. सरलाबाईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

अकराव्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज, बोलणं बुंदेली वळणाचं. नाव जानकी, माहेर समथर गाव, राहणार झाशीतल्याच नगऱ्यात. सासू राधाबाई मराठी. फाल्गुनात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि चाळीस वर्षं बोललेली हिंदी पार पुसली गेली. जिभेवर मराठीच राहिली, तीही मोजकी.

"दिन भर एक ही बात कहती हैं, करमत नाई, करमत नाई," जानकी म्हणाली. "हमने समझा, कमर कह रही हैं. कमर में दर्द है. तो हम चार महीने से कमर पे बाम मल रहे हैं, आंटीजी."

सरलाबाईंना हसू फुटलं, ते त्यांनी पदर तोंडावर धरून दाबलं.

"तुमचा नवरा? त्याला तर कळत असेल," त्या मराठीत म्हणाल्या, मग भानावर येऊन तेच हिंदीत म्हणाल्या.

जानकीचा नवरा पराग मालगाडी चालवतो, चार-चार दिवस घरी नसतो. तो घरी आला की राधाबाई खुशीत असतात आणि हे शब्द तोंडातून काढत नाहीत. आईची कमर दुखते एवढंच त्याला कळवलेलं. त्याने कमरेचा पट्टा आणून दिला. सासू बामाचा हात ढकलून द्यायला लागली तेव्हा जानकीला शंका आली. पण नवऱ्याला विचारायची लाज वाटली. सहा वर्षांत एवढंही शिकली नाहीस का, म्हणाला असता. म्हणून ती मोबाइलला विचारत राहिली.

"परसों आपका लिखा दिखा," ती म्हणाली.

सरलाबाईंनी तिला फोनवर एक वाक्य शिकवलं: "आई, मी इथेच आहे, बोला." चारदा म्हणवून घेतलं. आणि फोन ठेवताना सांगून टाकलं, की मी उद्या येते.

त्या दिवशी त्यांचं कशात चित्त लागेना, पण आनंदाने. मराठी बोलणारी बाई! तीही अशी, की जिला मराठीशिवाय दुसरं काही येतच नाही! काय काय बोलायचं ते त्या घोकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं पातळ नेसून, लिंबाच्या लोणच्याची बरणी पिशवीत घालून त्या ऑटोने नगऱ्याला गेल्या.

राधाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. सरलाबाई जवळ बसल्या, तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य बाहेर पडलं: "अब कैसी तबीयत है?"

सवयच ती. राधाबाईंनी भिंतीकडे मान फिरवली. सरलाबाईंना शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं. मग त्यांनी मराठीत सुरुवात केली. मी सरला, भुसावळची, यजमान गार्ड होते. उन्हाळ्याचं बोलल्या, लोणच्याचं बोलल्या. राधाबाई मधूनच "हं" म्हणत, पाहुण्याला म्हणतात तसं. मराठी होती, पण बाई परकी होती. सरलाबाईंना ते स्पष्ट कळलं आणि आत काहीतरी खचलं.

तेवढ्यात जानकी ओले हात पुसत आली, खाटेपाशी उकिडवी बसली आणि धीर करून म्हणाली, "आई, मी इतेच आहे. बोला."

राधाबाईंची मान वळली. चांगल्या हाताने त्यांनी सुनेचं मनगट पकडलं आणि अडखळत, शब्द शोधत त्या बोलायला लागल्या. पहिलीच तक्रार अशी, की चहात साखर फार असते.

"क्या कहा, आंटीजी?"

सरलाबाईंनी सांगितलं. जानकी रडता रडता हसली. मग दुपार तशीच गेली. राधाबाई सुनेशी बोलत, सरलाबाई हिंदी करत. सून सासूशी बोले, सरलाबाई मराठी करत. वर्षाची मराठी एका दिवसात त्यांच्या तोंडून गेली. त्यातलं एक वाक्यही त्यांच्यासाठी नव्हतं.

चार वाजता त्या उठल्या. दाराशी चपला घालताना रिकामी पिशवी हातात होती. जानकी पोचवायला आली होती. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं, ओठ हलत होते. शेवटी म्हणाली, "आंटीजी, तुमाला... करमत?"

वाक्य चुकलं होतं. मास्तरीणबाईंनी ते सुधारायला हवं होतं, किंवा निदान 'हो' म्हणून निघायला हवं होतं. 'हो' तर जिभेवर तयारच होतं. पण तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मुलानेसुद्धा नाही.

"नाही गं," सरलाबाई म्हणाल्या. "मला अजिबात करमत नाही. सकाळी उठते तेव्हापासून करमत नाही. घर खायला उठतं." आणि बोलता बोलता चौकटीला धरून त्या रडायला लागल्या.

जानकीला त्यातले दोनच शब्द कळले. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन खुंटीला अडकवली आणि चहाचं आधण ठेवलं.