मला बसवू नका

आमच्याकडं म्हाताऱ्या मानसाला मान द्यायचा म्हंजे एकच बोलतात, "आता बसून खा." लेक म्हनतो, सून म्हनते, अख्खी आळी म्हनते, आन ऐकनारी बाई हुरळून जाते. मी भागूबाई. वय सत्तर का बहात्तर, कागदावर एक हाय आन आईनं सांगितलेलं दुसरं. मला ह्या शब्दांची लई चीड हाय. का ते सांगते.

माजी शेजारीन छबूबाई. तिच्या पोरांनी तिला चार सालामागं बसवली. खाट दिली, टीव्ही दिला, ताट जागेवर. सगळीकडं कौतुक. वर्षात तिच्या मांड्या वाळल्या, दुसऱ्या वर्षी दोघांनी धरल्याबिगर तिला उंबऱ्याबाहेर जाता येईना, आन आता ती उतानी पडून पत्रे मोजती. पोरं वाईट न्हाईत तिची. जीव लावूनच त्यांनी तिचे पाय घालवले. हे मी त्यांच्या तोंडावर बोलून आले, तवापासून त्या घरात मला चहा मिळत न्हाई. न मिळू दे.

मंग दिवाळीनंतर मीच पडले. न्हानीत नवी गुळगुळीत फरशी बसवली हुती, पाय सटकला. हाड मोडलं न्हाई, नुसती सूज. डॉक्टरनं माज्या लेकाला, ज्ञानेश्वरला, सांगितलं की आजींना जपा. त्यानं ऐकलं की आजींना बसवा. तो शिर्डीला एका हॉटेलात काउंटरवर असतो. तिथं तिसऱ्या मजल्यावरल्या बिऱ्हाडात मला घेऊन गेला.

चार महिने. मी उठले की सून जया पळत यायची, राहू द्या, मी देते. पानी ती द्यायची, चादरीची घडी ती घालायची. गुनाची पोर हाय, मी तिला नावं ठेवीत न्हाई. पन एका सकाळी मी भुईवरून उठाया गेले आन मला उठताच येईना. भिंत धरली, खुर्ची धरली, काही उपेग न्हाई. जयानं काखेत हात घालून उचलली. डोळ्यापुढं छबूबाई आली. मी रडले, त्यात लाज कसली.

भाच्याच्या लग्नाचं निमित्त काढून मार्चात मी गावी आले ती परत गेलेच न्हाई. राजूरच्या बाजाराला गेलते, तवा दवाखान्यात शिरले आन रुपाली सिस्टरला सांगितलं, माजे पाय मला परत पायजेत. तिनं मला खुर्चीवर बसवलं आन हात न टेकता उठा म्हनली. दोनदा उठले, तिसऱ्यांदा जमलं न्हाई. मंग तिनं शिकवलं. रोज असं उठायचं. ओटा धरून एका पायावर उभं राहायचं. भाताबरोबर डाळ न्हाईतर अंडं खायचंच. न्हानीत खरबरीत फरशी टाकून घ्यायची आन धरायला दांडी ठोकायची. मी सगळं केलं. आळीतल्या बाया हसल्या, म्हातारी शाळंत चालली का म्हनून. हसा म्हनलं.

आन जुलैत ज्ञानेश्वर जीप घेऊन दारात. बाहेर आवनी चालू, भाताची रोपं लावायचा ऐन हंगाम, आन ह्याचं ठरलेलं की आमचं भाताचं खाचर कायमचं दुसऱ्याला वाट्यानं द्यायचं आन मला न्यायचं. मी हटून बसले. शेवटी म्हनला, तुज्या सिस्टरनं तपासून सांगावं, मंग तुला सोडतो.

गेलो राजूरला. सिस्टरनं फरशीवर खडूनं रेघ मारली. पायापुढं पाय, टाचेला आंगठा लावून चाला म्हनली. तिसऱ्या पावलाला मी कलंडले. ती पोर खोटं बोलली न्हाई. तोल अजून कच्चा आहे म्हनली, पन ह्या आजी आता खुर्चीवरून दहा वेळा उठतात, त्यांना बसवू नका, सराव वाढवा. ज्ञानेश्वरनं त्यातलं तेवढं कलंडनंच ऐकलं. दुपारीच निघू म्हनला.

माज्या डोक्यात तिडीक गेली. जीप आमच्या खाचरापाशी आली, बाया आवनी करीत हुत्या. मी गाडी थांबव म्हनले. जीपवाला गावातलाच, त्यानं थांबवली.

"ज्ञाना, खडूच्या रेघेवर मी जन्मात चालले न्हाई," मी म्हनले. "मी चालते ती उलटी. माजी तपासनी हितं घे."

लुगडं खोचून उतरले. आवनी करनारी बाई वाकून मागं मागं सरकती. लावलेलं भात डोळ्यापुढं असतं, मागचं काही दिसत न्हाई, चिखलातून पायानंच वाट हुडकायची. पन्नास आवन्या केल्या मी अशा. रोपांची मूठ घेतली आन धरली ओळ. ज्ञानेश्वर बूट घालून बांधावरनं माज्या संगट सरकत हुता, आये, आये करीत.

निम्म्यात माजा पाय खड्ड्यात गेला. मी भ्याले, खोटं कशाला सांगू. तो वरडला. मी गुडघा वाकवला, दम धरला, पाय उपसला. पडले असते तर चिखलात पडले असते, धुऊन निघाले असते. शिर्डीच्या गादीवर कुजन्यापरीस ते बरं.

टाच बांधाला लागली. ओळ पुरी झाली. वाकलेलीच हुते, तवर पाठीवर हात पडला. बूट काढून तो माज्या बाजूला चिखलात उतरला हुता, मला सावराया.

"हात काढ," मी म्हनले.

"पडशील आये."

"पडंन. चालतीय म्हनून पडंन. पन पडल्यावर उठायचं बळ तू चार महिन्यात काढून घेतलं हुतंस. ते मी कमावून आनलंय, ज्ञाना. आता कुनाला देनार न्हाई."

हात त्यानं तसाच ठेवला. माजं लेकरूच ते, भ्यालेलं. तरी मी सरळ झाले न्हाई. तशीच वाकून राहिले, वाट बघत.

त्यानं हात काढला. मी गुडघ्यावर तळवे टेकले आन एकटीनं उभी राहिले.