वाकड्या खांद्याचा कोट

ट्रक बर्फात रुतला तेव्हा केरिमकुलला आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. हे त्यानं बायकोला आजवर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. चाकं जागच्या जागी फिरली, इंजिन बोंबललं, ट्रकचं नाक खाली गेलं, मागच्या हौद्यातल्या मेंढ्या एकमेकींवर जाऊन आपटल्या, आणि त्याच्या मनात आलं, चला, सुटलो. आता आज त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायला नको.

तो माणूस म्हणजे बेगिमायचा बाप, इशेनबाय. आणि बेगिमाय म्हणजे केरिमकुलच्या मुलानं, एलामाननं, पळवून आणलेली मुलगी. पळवून म्हणजे तसं नव्हे. दोघं बिश्केकला शिकत होती, दोघांचंही ठरलेलं होतं, एके दिवशी बसमध्ये बसून घरी आली, झालं. पण मुलीच्या बापाला कुणी विचारलं नव्हतं. मुलीकडच्यांचा राग शमवायला रीतीप्रमाणे केरिमकुलचा थोरला भाऊ मेंढ्या घेऊन मुलीच्या गावी, ताश-बुलाकला गेला, तर इशेनबायनं फाटकाचा अडसरसुद्धा काढला नाही. मेंढ्या गेल्या तशा परत आल्या. तेव्हापासून पोरीचं जेवण निम्म्यावर आलं होतं. बापाला फोन लावायची, पलीकडून तो कट व्हायचा. बाबा आल्याशिवाय लग्न करायचं नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. आणि परवा म्हणाली, "या वेळीही तसेच परत आलात, तर पुन्हा कुणाला पाठवू नका. मीच जाईन परत."

ती सहज बोलली, पण केरिमकुलनं हातातला चहा खाली ठेवला. त्याला ही पोरगी आवडत होती. त्याच्या बिनसाखरेच्या चहात गुपचूप साखर घालणारी घरात दुसरी कुणी नव्हती.

भावानं पाय मोडून घेतला होता, म्हणून या खेपेची पाळी केरिमकुलवर आली. माफीचे चार शब्द त्यानं आरशासमोर उभं राहून पाठ केले होते. हौद्यात मेंढ्या, पेटीत आहेर, शेजारी बायको शारकान, आणि खाली सहाही चाकांना इंजिनचा जोर असलेला जुना लष्करी ट्रक. हा ट्रक कधी अडकत नाही असं तो गावभर सांगत फिरायचा. आता सांगेल तेव्हा बघू.

"मी म्हटलं होतं," शारकान म्हणाली.

"काय म्हटलं होतंस?"

"रस्ता सोडू नका म्हटलं होतं."

"आणि बुरुलच्या दारावरून गेलो असतो तर? सांग ना. काय झालं असतं?"

त्याचं बरोबर होतं. रस्ता जार-बाशी गावातून जातो, आणि जार-बाशीत पहिलंच घर केरिमकुलच्या थोरल्या बहिणीचं, बुरुलचं. ती दिवसभर खिडकीत बसलेली असते. तिच्या दारावरून भाऊ न थांबता गेला तर ती मरेपर्यंत ऐकवेल, आणि थांबला तर आधी नान मोडा, मग चहा, मग साय, मग तळलेले बोरसोक, मग 'आता पातेलं चढवलंच आहे'. दिवस मावळायला आला असता. आणि रागावलेल्या व्याह्याच्या दारी उशिरा जाणं म्हणजे न जाण्यापेक्षा वाईट. म्हणून त्यानं गावाच्या अलीकडेच ट्रक खाली उतरवला आणि उन्हाळ्यात कोरडी पडणाऱ्या नदीच्या पात्रातून घातला. पात्रात बर्फ सपाट दिसत होता. खाली झरा पाझरत होता, तो काही दिसत नव्हता.

केरिमकुल उतरला तो मांडीपर्यंत आत गेला. पुढची चाकं पाण्यात होती, आणि ट्रक पोटावर बसला होता. चाकं म्हणजे नुसती हवेत पोहत होती. त्यानं टायरमधली थोडी हवा सोडली, फावडं घेतलं, खणलं, मेंढ्यांखालचं जुनं नमद्याचं घोंगडं ओढून चाकाखाली घातलं. चाकानं ते घोंगडं गिळलं आणि मागून चिखल करून टाकलं. फोन काढला, तर या खळग्यात रेंजचं नाव नाही.

मघाशी वाटलेलं बरं आता पार विरून गेलं होतं. घरी बेगिमाय वाट बघत असेल. हे दोघं रात्री मेंढ्यांसह परत गेले, तर फाटक उघडलं नाही काय किंवा ट्रक वाटेत रुतला काय, तिला काय फरक पडणार? ती पिशवी भरेल. केरिमकुलनं फावडं पुन्हा उचललं आणि वेड्यासारखा खणत सुटला.

"अहो, ट्रॅक्टर!" शारकान ओरडली.

वर काठावरच्या रस्त्यानं खरंच एक ट्रॅक्टर येत होता, मागे रिकामी ट्रॉली. तो थांबला. डोक्यावर कानटोपी, तोंडाला डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला मफलर, असा एक माणूस उतरला, आणि कमरेवर हात ठेवून त्यानं खाली सावकाश पाहून घेतलं.

"इकडून जा असं कुणी सांगितलं तुला? वैरी आहे का कुणी?"

"माझंच डोकं, आके," केरिमकुल म्हणाला. माणूस आपल्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेला आहे, हे आवाजावरून कळत होतं, म्हणून 'आके', म्हणजे दादा.

"उन्हाळ्यात शेळीसुद्धा पाय ठेवत नाही तिथे. मेंढ्या कुठे निघाल्यात?"

रुसलेल्यांकडे निघालोय, असं वाटेतल्या परक्याला कोण सांगतं? "बहिणीकडे," केरिमकुल म्हणाला. "जार-बाशीला."

"जार-बाशी तर मागे राहिली! रस्त्यावरच आहे की. नदीतून कशाला?"

केरिमकुल फावड्याला चिकटलेला चिखल झाडू लागला. शारकाननं हसू लपवायला रुमाल तोंडाशी नेला. माणसानं मान हलवली, अशा वेड्यांशी जास्त बोलण्यात अर्थ नाही असं ठरवलं, आणि ट्रॉलीतून साखळी काढून घसरत खाली आला.

माणूस कामाचा होता. पुढच्या हुकाला साखळी लावली तर ट्रक अजून रुतेल, मागूनच ओढायला हवा, हे त्यानं नुसतं बघून सांगितलं. मग दोघं मिळून खणू लागले. खणता खणता माणसाची जीभ सुटली.

"तुझं नशीब म्हण. एरवी मी आज घरातून हललो नसतो. पण घरी नको ते पाहुणे यायचेत. बायकोला म्हटलं, तू आणि तुझे पाहुणे. मी भावाकडे गवत आणायला चाललो. येतील, दार वाजवतील, कंटाळून जातील. त्यांचं तोंड बघायचं नाही मला."

केरिमकुलचं फावडं हवेतच थांबलं. ट्रॅक्टर ज्या बाजूनं आला, तिकडे ताश-बुलाकखेरीज दुसरं गाव नव्हतं.

माणसाला घाम आला होता. त्यानं वरचं जाकीट काढून बर्फावर टाकलं आणि साखळी घेऊन ट्रकखाली सरपटत शिरायला वाकला. त्याचा डावा खांदा उजव्याहून चांगला चार बोटं खाली होता.

तो खांदा केरिमकुलनं पाहिलेला होता. माणसावर नव्हे, कोटावर. इशेनबायसाठीचा आहेराचा कोट, आतून मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावलेला, बेगिमायनं स्वतः महिनाभर बसून शिवला होता. तयार झाल्यावर खुंटीला टांगला तर एका बाजूला कललेला. "पोरीला शिवण येत नाही," असं तो बायकोजवळ हसून म्हणालाही होता.

त्यानं शारकानकडे पाहिलं. शारकानही त्या खांद्याकडेच बघत होती, आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. केरिमकुल साखळीचं दुसरं टोक वर नेऊन ट्रॅक्टरला अडकवून आला.

माणूस ट्रकखालून बाहेर आला तो पाठीपासून गुडघ्यापर्यंत झऱ्याच्या पाण्यानं भिजलेला. "लागली साखळी," दात वाजवत तो म्हणाला. "तू चाकावर बस. मी हात केला की रिव्हर्स टाक. जास्त रेस करू नकोस." जाकीट ओल्या पाठीवर टाकून तो काठ चढून ट्रॅक्टरवर गेला.

"आधी बाहेर निघू द्या," शारकान कुजबुजली. "सांगायचं ते मग सांगा. आत्ता सांगाल तर साखळी घेऊन जाईल तो. रात्री काय होईल आपलं?"

बायको शहाणी होती. केरिमकुल केबिनमध्ये चढला, गिअरवर हात ठेवला, आणि तिथेच त्याला काहीतरी टोचलं. आधी बाहेर निघू दे, मग सांगू. त्याच्या पोरानं नेमकं हेच केलं होतं. आधी मुलगी बाहेर काढली, मग बापाला कळवलं. हा माणूस सगळ्या हिवाळ्यात त्याच एका गोष्टीवर रागावून बसला होता, आणि आपण तीच गोष्ट त्याच्याशी दुसऱ्यांदा करणार. वर काठावर हात हलला. केरिमकुलनं गाडी बंद केली आणि उतरला.

"अहो!" शारकान म्हणाली.

तो धापा टाकत काठ चढला. ट्रॅक्टर धडधडत होता. पाठ केलेल्या चार शब्दांतला एकही त्याला आठवला नाही.

"आके, मी जार-बाशीला नाही चाललो. मी एलामानचा बाप. तुमच्याकडेच चाललो होतो."

इशेनबायनं ट्रॅक्टर बंद केला. एकदम इतकं शांत झालं की खाली मेंढी शिंकलेली ऐकू आली. त्यानं मफलर खाली ओढला. मिशांवर बर्फ जमला होता.

"कधी कळलं तुला?"

"आत्ता. तुम्ही वाकलात तेव्हा."

"मग ओढून घ्यायचं ना आधी. मी काय, ओढलंच असतं."

"म्हणूनच सांगितलं," केरिमकुल म्हणाला. "तुम्ही ठरवा, आके. ओढायचं तर ओढा. नाही म्हणालात तर आम्ही बसतो इथेच. थर्मासमध्ये चहा आहे."

इशेनबाय उतरला, साखळीजवळ गेला, वाकला. खाली शारकाननं डोळे मिटून घेतले.

"ही कडी अशी लावतात?" वरून आवाज आला. "सुटून काच फुटली असती माझी. बायकोचं बोलणं ऐकावं लागेल ते वेगळंच." त्यानं ट्रॅक्टरकडची कडी काढली, साखळीला पीळ देऊन पुन्हा अडकवली. आणि केरिमकुलकडे न बघता म्हणाला, "सगळं उरकल्यावर येऊन माफी मागणारे पुष्कळ भेटले. उरकायच्या आधी विचारणारा तू पहिला. जा, बस चाकावर."

ट्रॅक्टर गुरगुरला, साखळी ताठ झाली, ट्रकचं बूड उचललं, पुन्हा बसलं, पुन्हा उचललं. मेंढ्यांनी एकच कालवा केला. आणि मग ओला चिखल सोडताना होतो तसा आवाज होऊन तो अवजड लष्करी बैल मागच्या मागे निघाला, निघत निघत पार रस्त्यावर येऊन उभा राहिला. शारकान बर्फातून धावत आली, तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. केरिमकुल उतरून ट्रकभोवती एक चक्कर मारून आला. सुटलो, असं त्याला पुन्हा वाटलं. पण या खेपेचं सुटणं खरं होतं.

इशेनबाय मात्र आता थडथड कापत होता. ओठ निळे पडले होते. शारकाननं एक शब्द न बोलता पेटी उघडली, कोट काढला आणि त्याच्यासमोर धरला. आहेराचा कोट अंगावर घेतला म्हणजे सोयरीक मान्य केली, हे तिथे कुणाला सांगायला नको होतं.

"थंडी वाजतेय म्हणून घालतोय," इशेनबाय म्हणाला. "उगाच अर्थ काढू नका."

"नाही काढत," शारकान म्हणाली. "आधी हात घाला."

त्यानं ओलं जाकीट फेकलं, हात घातले, आणि सवयीनं डावी बाजू वर ओढायला हात नेला. ओढायला काहीच नव्हतं. तरुणपणी घोड्यावरून पडल्यापासून प्रत्येक कोट त्याच्या अंगावर एका बाजूला लोंबायचा. हा जागच्या जागी बसला होता. त्यानं खांद्यावरच्या शिवणीवरून हळूच बोटं फिरवली.

"कुणी शिवला?"

"तुमच्या लेकीनं," शारकान म्हणाली. "मी म्हटलं, अगं, खांदा वाकडा झालाय, उसव. तर म्हणाली, वाकडा नाहीये, आई. बाबा असेच आहेत."

इशेनबाय ट्रॅक्टरकडे तोंड करून उभा राहिला. केरिमकुल आपल्या टायरकडे बघू लागला, कारण दुसरीकडे बघणं बरं नव्हतं.

"माझ्या मागे या," शेवटी इशेनबाय म्हणाला. "आणि चाकं माझ्या चाकोरीतच ठेव. नदीत घालू नकोस."

ट्रॅक्टर पुढे, ट्रक मागे, असे ते चढावर आले. तिथून ताश-बुलाकची घरं दिसतात. ट्रॅक्टर नेमका तिथेच थांबला. इशेनबाय उतरून ट्रककडे चालत आला. केरिमकुलनं काच खाली केली.

"फोन आहे का?" इशेनबाय म्हणाला. "माझा भिजला."

केरिमकुलनं फोन दिला. या उंचीवर रेंज होती. इशेनबायनं आकडे कुणाला विचारले नाहीत. पाच महिने ज्या नंबरचे फोन त्यानं कट केले होते, तो त्याला तोंडपाठ होता.

"बेगिमाय?" तो म्हणाला. "मी बोलतोय. कोट बसला."

पलीकडे काय झालं ते केबिनपर्यंत ऐकू आलं. इशेनबायनं फोन कानापासून जरा लांब धरला, पण कट केला नाही.