दोरावरची गाठ

मित्रांनो, मी कुवेतच्या उत्तरेकडील उजाड माळावरची पंधरा हात खोल, दगडी विहीर आहे. माझ्यात दोन प्रकारचे पाणी आहे. वर पावसाचे मुरलेले गोडे, खाली फार जुने खारे. गोडे हलके असल्यामुळे ते वर तरंगते. मध्ये भिंत नाही.

मेंढपाळ मुतलक यांना हे ठाऊक होते. त्यांच्या दोराला एक गाठ होती. ती माझ्या काठाला लागली की बादली आणखी खाली सोडायची नाही, असा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम.

१९५८च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने डिझेल पंप आणला. तो बसवायला रत्नागिरीकडचा फिटर हारून आला. ट्रक चालवणारा यूनुस त्याच्याच गावचा. हारूनने वाकून पाहिले. पाण्यावर काटक्या, लेंड्या तरंगत होत्या. त्याच्या गावी दर उन्हाळ्यात विहीर पूर्ण उपसून साफ करतात.

"चाचा, सगळी उपसतो. उद्या नवे, स्वच्छ पाणी येईल," तो मोडक्या अरबीत म्हणाला.

"गाठीच्या पुढे जाऊ नकोस, बेटा," मुतलक म्हणाले.

"गाठ दोराला. पंपाला कशाला?"

यूनुस हसला. "ऐकणार नाही हो हा. गावच्या प्रत्येक विहिरीचा तळ बघून आलाय!"

पंप तीन तास चालला. गोडे पाणी संपले आणि खालचे खारे वर चढले. हौदाशी आलेली पहिली मेंढी वास घेऊन मागे फिरली. यूनुसने ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी थुंकून टाकले.

"हारून, अरे, हा तर समुद्र!"

हारूनने पंप बंद केला. दुसरी विहीर दोन दिवसांच्या वाटेवर होती. कळप तिकडे निघाला. अकरा कोकरे पोहोचली नाहीत.

त्यानंतर तीन हिवाळे माझ्यातून कळपासाठी कोणी पाणी काढले नाही. इकडे हिवाळ्यातच पडणाऱ्या पावसाचे पाणी थोडे थोडे मुरत राहिले. हारून दर वर्षी येऊन एक घोट चाखायचा आणि मान हलवून परत जायचा. चौथ्या वर्षी मुतलक यांनी गाठीपर्यंत बादली सोडली.

हारूनने चाखले. "जरा मचूळ लागते, चाचा."

"मला काय सांगतोस? मेंढीला विचार."

मेंढी प्यायली. पोट भरेपर्यंत तिने मान वर केली नाही.

हारूनने मग दोर जमिनीवर ताणला, बादलीपासून गाठीपर्यंतची लांबी मोजली आणि पंपाचा नळ तेवढाच ठेवून उरलेला करवतीने कापला. आता पाणी त्या मापाच्या खाली उतरले की पंप नुसती हवा ओढतो.

मित्रांनो, पंप घेऊन खुशाल या. पण आधी दोर मागून घ्या आणि गाठ कुठे आहे ते पाहा.