जावेचं कार्ड

मंद्रूपहून सोलापूरला निघालेल्या जीपमध्ये बजाबाईनं सुनेकडून एकच धडा घोटून घेतला. काशम्माला कळा सुटल्या होत्या, अंगावरून जायला लागलं होतं, डोकं सासूच्या मांडीवर होतं. आणि सासू आपली विचारतेय, "नाव काय सांगायचं?"

"गोदावरी."

"गाव?"

"मंद्रूप."

"काय बी झालं तरी दुसरं नाव तोंडातनं काढायचं न्हाय. काढलंस तर हाकलून देतील. मग मी तुला कुटं घेऊन जाऊ?"

काशम्मानं मान हलवली. पोर गुणाची होती, सांगितलेलं ऐकणारी.

गोदावरी म्हणजे बजाबाईची थोरली सून, काशम्माची जाऊ. ती घरी चुलीपुढं बसलेली आणि तिचं आधार कार्ड सासूच्या कमरेच्या पिशवीत. चोरून नव्हतं आणलेलं. गोदावरीनंच ट्रंकेतून काढून हातात दिलं होतं. "न्या की आत्याबाई. माझं पोरगं तितंच झालंय, माझं नाव चालतंय तितं."

काशम्माचं नाव का चालत नव्हतं, तर ती पलीकडची, कर्नाटकातली. मंद्रूपपासून तिचं माहेर जीपनं तासाभराचं. दोन्हीकडे ज्वारी तीच, सोयरीक जुनी, बाजारात कानडी-मराठी एकाच तोंडानं बोलतात. पण कार्डावर पत्ता माहेरचा. दिवस गेल्यावर दवाखान्यात नोंद करायला नेली, तर तिथल्या माणसानं कार्ड उलटंपालटं करून परत दिलं. हे तिकडचं आहे, पत्ता बदलून आणा, मग बघू. पत्ता बदलायला लग्नाचा दाखला मागितला. लग्न लागलं माहेरच्या देवळापुढं मांडव घालून, सगळ्या गावानं जेवण केलं. त्याचा दाखला कुणी काढून ठेवला असेल? हेलपाटे घालून घालून ज्ञानू, काशम्माचा नवरा, कंटाळला. पोरीला नऊ महिने ना कुणी तपासलं, ना गोळी दिली. आता बोला.

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीत गर्दी होती. आतल्या माणसानं वर न बघता पहिला शब्द विचारला, "कार्ड?" बजाबाईनं पुढं केलं. फोटो तर असा की त्यात गोदावरी आहे की गोदावरीची आजी, हे तिच्या नवऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्या माणसानं नंबर टाकला आणि म्हणाला, "जुनी पेशंट आहे की. आत घ्या." इतकं सोपं निघालं की बजाबाईच्या जिवात जीव आला.

नात झाली. बारकी होती, पण खणखणीत रडली. तिच्या मनगटाला पट्टी बांधली होती आणि पट्टीवर आईचं नाव गोदावरी. ज्ञानूनं ते वाचून दाखवलं, तेव्हा बजाबाईला जरा कसंतरी झालं. पण तेवढा विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण आत धावपळ सुरू झाली होती.

काशम्माचं रक्त थांबेना.

श्रावणी सिस्टर बाहेर आली. चिठ्ठी आणि रक्ताची नळी ज्ञानूच्या हातात देत म्हणाली, "पळा. खाली रक्तपेढीतून पिशवी घेऊन या. थांबू नका कुठं."

ज्ञानू पळाला. बजाबाई नातीला छातीशी धरून दाराशी उभी राहिली. दाराच्या फटीतून काशम्माचे पाय दिसत होते, पिवळे पडलेले. काल याच पायांनी पोर मळ्यात भाकरी देऊन आली होती.

ज्ञानू परत आला तो रिकाम्या हातानं. "देईनात, आई. म्हणत्यात, कम्प्युटरात हिचा रक्तगट 'बी' लावलाय आन् नळीतलं रक्त 'ओ' निघालंय. जुळंना. दुसऱ्या कुणाची नळी आली असंल, परत काढून आणा."

त्याच्या मागं सिस्टरला फोन आला. "माझ्या हातानं काढलीय मी," ती फोनवर चिडून बोलत होती. "बरं, परत पाठवते. पण बाई जातेय इथं माझी."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बजाबाईला एवढं मात्र चटकन कळलं, की नळी बदललेली नव्हती आणि कम्प्युटरही चुकला नव्हता. 'बी' रक्त गोदावरीचं होतं आणि 'ओ' काशम्माचं. परत काढली काय आणि दहा वेळा काढली काय, ते जुळणार नव्हतं. रक्तपेढीवाले नळ्या मागत राहणार आणि आत पोर रिकामी होत जाणार.

ज्ञानूनं तिचा चेहरा ओळखला आणि दंड धरला. "आई, गप बस. सांगितलंस तर पोलीस केस व्हतीय. वैनीला बी धरतील. परत एकदा नळी देऊ, बघू काय म्हणत्यात."

खरं सांगायचं तर बजाबाई गप्प बसलीही. क्षणभर का होईना, बसली. गोदावरीला घरातून उठवून नेतायत, नातीला कुणीतरी कागद दाखवून काढून घेतंय, असलं काय काय तिच्या डोळ्यापुढं आलं. तेवढ्यात सिस्टर दुसरी रिकामी नळी घेऊन आत निघाली आणि बजाबाईनं तिचा पदरच धरल्यासारखा हात धरला.

"बाई, ही गोदावरी न्हाय."

"काय?"

"ही काशम्मा. माझी धाकटी सून. कार्ड थोरलीचं लावलंय मी. ह्या पोराचा काय दोष न्हाय, थोरलीचा बी न्हाय. माझाच हाय. मला काय करायचं ते करा, पर तिला रक्त द्या."

सिस्टर दात आवळून म्हणाली, "आजी, दुसरीचं रक्त चढलं असतं तर मेली असती ती. आणि अशा बाईला कार्ड मागत नाही आम्ही. नसलं तरी घेतोच आत."

"मग खिडकीत पयला शब्द त्योच का वो बाई?"

सिस्टर नळी घेऊन वळली. ती आत पळाली. नवीन नळीवर खरं नाव लिहून तिनं स्वतः फोन केला आणि ज्ञानूला परत खाली पिटाळलं. तो येईपर्यंत बजाबाईनं देवाचं नाव किती वेळा घेतलं, तिचं तिला ठाऊक.

पिशवी आली. सिस्टरनं बजाबाईला आत बोलावलं. काशम्माचे ओठ पांढरे पडले होते, डोळे अर्धे मिटलेले. सिस्टर तिच्यावर वाकली. "बाई, नाव सांगा तुमचं. तुमच्या तोंडानं सांगा."

"गोदावरी," काशम्मा म्हणाली.

सिस्टरचा हात थांबला. पिशवीवर काशम्मा लिहिलं होतं. तिनं बजाबाईकडं पाहिलं. "आता कुणाचं खरं धरू मी? मघाशी एक सांगितलंत, ही दुसरंच सांगतेय."

"काशम्मा, खरं नाव सांग गं." बजाबाईचा आवाज फुटला.

काशम्मानं सासूकडं पाहिलं. जीपमधलाच धडा पुन्हा विचारतायत असं तिला वाटलं असावं. तिनं होता नव्हता तेवढा जोर लावला. "गोदावरी. गाव मंद्रूप."

बजाबाईला त्या घडीला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. तिनं नातीला ज्ञानूकडं दिलं, सुनेचं तोंड दोन्ही हातात धरलं आणि बाजारात शिकलेल्या मोडक्या कानडीत, काशम्माच्या आईच्या बोलीत, म्हणाली, "हेदरबेड, यव्वा. निन्न हेसरु हेळ." भिऊ नको गं, तुझं नाव सांग.

काशम्माचे डोळे उघडले. तिनं सासूकडं पाहिलं, मग सिस्टरकडं.

"काशम्मा," ती पुटपुटली. आणि लगेच, माफी मागितल्यागत, "पर माझं कार्ड हितं चालत न्हाय, बाई."

सिस्टरनं पिशवी वर अडकवली.