सहाशे बारा आकडे

"एकतीस वर्षं कारखान्यात अशाच मशीनच्या कळा मी बसवल्यात, कुराता-सान," तामाएबाई म्हणाल्या.

"बसवल्यात ना? दाबल्या नाहीत!" कुराता म्हणाले आणि जुन्या संगणकांच्या क्लबातले सगळे निवृत्त पुरुष खो-खो हसले. "प्रदर्शनात चहाचं तेवढं बघा, आजी."

तामाएबाई घरी आल्या. कारखाना बंद पडताना मागून घेतलेला त्र्याऐंशी सालचा संगणक त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला. वय एकाहत्तर. पहिला प्रोग्रॅम आतषबाजीचा. बाण सुटायचा, पण वर जाऊन फुटेपर्यंत इकडे भात शिजायचा. "आतषबाजी की गोगलगाय?" क्लबात ती पाहून कुरातांनी विचारलं.

मग वेग यावा म्हणून बाईंनी यंत्राचीच भाषा शिकायला घेतली, नुसते आकडे; त्यात ए ते एफ ही अक्षरंही आकडेच. एक चुकला की पडदा काळाठिक्कर. मुलगी फोनवर कुरकुरायची, "आई, या वयात कशाला डोळे फोडतेस?"

"तुझ्या वयाची होते तेव्हा कुणी शिकवलं नाही म्हणून."

आठ महिन्यांनी प्रदर्शनाचा दिवस उजाडला, आणि टेपरेकॉर्डरने बाईंची प्रोग्रॅम साठवलेली कॅसेटच चावून टाकली. तपकिरी फितीचा नुसता गुंता.

कुरातांनाही वाईट वाटलं. "जाऊ द्या. तुमच्या टेबलावर माझा खेळ लावतो."

"हात लावू नका."

बाईंनी पिशवीतून वही काढली. त्यात सहाशे बारा आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. चष्मा पुसून त्या एकेक कळ दाबू लागल्या. लोक येत होते, थांबत होते, कंटाळून पुढे जात होते.

"मी वाचून दाखवू? लवकर होईल."

"मला वाचता येतं, कुराता-सान."

पानाखाली ताळ्यासाठी लिहिलेली बेरीज शेवटच्या पानाला जुळेना. बाईंनी बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली. तिसऱ्या ओळीत 'बी'च्या जागी आठ पडला होता. तो सुधारला, आणि कळ दाबली.

बाण सणसणत वर गेला. फुटला. ठिणग्या विझता विझता खाली ओघळल्या.

कुरातांनी तीनदा पाहिलं. मग हळूच विचारलं, "ओघळतात कशा? आमच्या कुणाच्याच नाही ओघळत."

"बसा," बाई म्हणाल्या. वहीचं कोरं पान उघडून त्यांनी पेन्सिल पुढे केली. "ऐकून लक्षात राहत नाही. लिहून घ्या."

कुराता स्टुलावर टेकले आणि मान खाली घालून लिहू लागले.