उशाजवळचा आकडा

रामहरी मिस्तरीनं मुठीतली चुन्याची फक्की दोरीच्या कडेनं सोडत आणली आणि गोठ्याच्या मेढीपाशी येऊन तो थांबला. पांढरी रेघ सरळ गोठ्यात शिरत होती.

"बनुआजे, हितनं पुढं म्हस आडवी येतीया," तो म्हणाला. "तिला म्हनावं, उद्यापास्नं बिऱ्हाड हलव."

बनुबाईला हसू आलं नाही. तिचं लक्ष समोरच्या पत्र्याच्या खोलीकडं होतं. दार लोटलेलं होतं. आत तिचा नवरा श्रीमंत बाजेवर पडला होता. ऊन डोक्यावर आलं होतं आणि माणसं काही हलायचं नाव घेत नव्हती.

लिंबाच्या सावलीत तिच्या पोरानं, वाल्मिकनं, दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर भिंगारची राजेश्वरी मॅडम बसली होती. घरांचे नकाशे काढायचा तिचा धंदा. माणूस कुठं बसतो, कुठं झोपतो, वारा कुठून येतो हे बघितल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढत नसे. पंखे-कूलर लावून घर गार करणं सोपं, पण घरानं आपलं आपण गार राहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. महिन्यापूर्वी ती आली, तेव्हा तिनं बनुबाईच्या हातात एक तापमापक आणि एक वही दिली होती.

"आजोबांच्या उशाशी लावा. रोज दुपारी दोन वाजता आकडा बघायचा आणि तारखेसमोर लिहायचा."

बनुबाईला आकडे येत होते. बचत गटात सहीबरोबर तेवढे शिकली होती. सांगितल्या शब्दाबाहेर ती गेली नाही. जिथं श्रीमंतची उशी, तिथं तापमापक. फक्त ती उशी दुपारी कुठं असते, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मागच्या वैशाखात ह्याच पत्र्याखाली श्रीमंतला ऊन लागलं होतं. शुद्ध गेली, जीभ आत ओढली. नगरच्या दवाखान्यात चार दिवस काढले तेव्हा माणूस हाती लागला. पुन्हा असं झालं तर आमच्याच्यानं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून यंदा चैत्र लागल्यापासून वाल्मिक कंपनीत गेला की ती म्हाताऱ्याला धरून गोठ्यात नेई. वर पाचटाचं जाड छप्पर, भोवती तुराट्यांचा कूड, त्यावर ओलं गोणपाट. शेजारी म्हैस रवंथ करी आणि म्हातारा घोरत पडे. वाल्मिक यायच्या आत बाज पुन्हा खोलीत.

पण हे बोलायचं कसं? तीस वर्षं दोघांनी ऊस तोडला, दर हंगामाला पाचटाच्या कोपीत संसार मांडला. त्या कोपीत जन्मलेला पोरगा आता पक्कं घर बांधत होता, गावभर सांगत होता. आणि त्याचा बाप म्हशीशेजारी झोपतो म्हटल्यावर लोकांनी त्याच्या तोंडात शेण घातलं असतं.

"तुमच्या वहीनं माझं काम सोपं केलं, मावशी," राजेश्वरी म्हणाली. "पत्र्याखाली दुपारी चौतीस! मला वाटलं होतं चाळीसच्या पुढं जाईल. डोंगराकडचा वारा लागत असणार."

"म्हनूनच तर कौलं रद्द केली," वाल्मिक खुशीत म्हणाला. "न्हाईतर मॅडम स्लॅबवर कौलं घाला म्हनत हुत्या. मधी वारं खेळाया जागा सोडायची म्हनं. मग वरला मजला चढायचा कसा?"

"चौतीस असेल तर स्लॅबला पांढरा रंग पुरे. जास्त असतं तर मी ऐकलं नसतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली ओकतो." तिनं घड्याळ बघितलं. "खोली एकदा आतून बघू का?"

"आत्ता नगं!" बनुबाई पटकन म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

आतून खोकल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग थांबला. बनुबाईच्या हातातला पदराचा शेव पिळून पिळून दोरीसारखा झाला.

राजेश्वरी वहीची पानं उलटत होती.

"चार ठिकाणी तेवढं चुकलंय. एकदम बेचाळीस, त्रेचाळीस. मी ते सोडूनच दिले. पण गंमत बघा, चारी वेळा गुरुवारच आहे."

"गुरुवारी आजीचा उपास आसंल," रामहरी दोरी गुंडाळत म्हणाला. "पोटात न्हाई अन्न, मग चारचं दिसतंय चौदा."

वाल्मिक मोठ्यानं हसला. राजेश्वरीही हसली. तिनं पेन काढलं.

"चुकलंच असेल ना, मावशी? खोडून टाकते."

नुसती मान हलवायची होती. मान हलवली की माणसं चहा पिऊन जाणार होती. उद्या पायाचा मुहूर्त, गोठा जाणार, दिवाळीपर्यंत घर उभं राहणार, आणि पुढच्या वैशाखात त्या तापल्या स्लॅबखाली म्हातारा. बनुबाईनं खोलीच्या दाराकडं बघितलं.

"चुकलं न्हाई," ती म्हणाली.

"मग गुरुवारी काय होतं?"

वाल्मिकचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"गुरुवारी माजी सुट्टी आसती," तो म्हणाला.

आजही गुरुवारच होता.

त्यानं आईकडं बघितलं. मग गोठ्याकडं. कुडावरचं गोणपाट आज कोरडं होतं, पण त्याच्या खाली भुईवर बाजेच्या चार पायांचे खळगे पडले होते. वाल्मिक खुर्चीवरून उठला. दार ढकलून आत गेला. राजेश्वरीनं पेनाला टोपण लावलं.

वाल्मिक बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर बाप होता. श्रीमंतची बंडी घामानं अंगाला चिकटली होती. तोंड लालबुंद झालं होतं.

"आरं, सोड की, मानसं हायती," म्हातारा पुटपुटत होता. "आज गुरुवार हाय न्हवं?"

वाल्मिक फक्कीच्या रेघेवरून चालत गेला, वाकून गोठ्यात शिरला. बनुबाई पाण्याची बादली घेऊन धावली.

थोड्या वेळानं तो एकटाच बाहेर आला. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत उन्हातच उभा राहिला, सावलीत आला नाही.

"मिस्तरी, घर व्हईस्तवर गोठा पाडायचा न्हाई."

"आन् म्होर्त उद्या हाय, त्याचं काय?"

"दोरी अलीकडं घ्या."

मग तो राजेश्वरीकडं वळला. बघितलं मात्र त्यानं वहीकडं.

"मॅडम, आकडा गुरुवारचा धरा."